गाडीचं हसू

रुसणाऱ्या, खिदळणाऱ्या जिवंत गाडीवरच्या त्या विनोदी चित्रपटांत गाडीला आवाज माझ्या बायकोचा होता. तीन भाग झाले आणि ती आजारपणात गेली. चौथ्या भागाच्या वेळी दिग्दर्शक म्हणाले, "जुन्या रेकॉर्डिंगमधून वहिनींचं हसू काढून द्या. दुसऱ्या कुणाचं शोभणार नाही."

त्या चित्रपटांचं ध्वनिमुद्रण मीच केलं होतं. हेडफोन लावून ऐकत बसलो. एका टेकमध्ये ती खो खो हसली, मग दमून म्हणाली, "अहो, घसा सुकलाय. पाणी द्या ना." पाठोपाठ माझा आवाज आला, "आधी टेक होऊ दे गं!" ती निमूट पुन्हा हसली.

ते दुसरं हसू जास्त छान होतं. तरी मी पहिलंच दिलं. थिएटरात पोरं हसून लोळली. मी तोंडाला रुमाल लावून बाहेर आलो.