एक्केचाळीस कार्डं

क्रांतीला स्टेथोस्कोपमधून आजवर काहीच ऐकू आलं नव्हतं. ही गोष्ट तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती, आणि वर्गात पहिला नंबर असलेल्या मुलीनं ती सांगायची तरी कुणाला?

हिवरवाडीची ही पोर मायणी रोडवरच्या शाळेत बारावीला होती. त्या शाळेत नववीपासून ‘आरोग्यसेवा’ हा व्यवसाय विषय होता. बाकीच्या पोरींनी तो सोपा म्हणून घेतला होता, क्रांतीनं नर्स व्हायचं म्हणून घेतला होता. शिकवायला सांगलीच्या ब्राह्मी मॅडम होत्या. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची, त्यामुळे साहेब तपासणीला आले की सगळं जागच्या जागी दिसावं याचा त्यांना फार घोर. बीपीचं मशीन एकच होतं. ते कपाटात कुलूपबंद असायचं आणि निघालंच तर सव्वीस पोरींत मिळून एक तास निघायचं.

अकरावीत क्रांतीची पाळी आली, तेव्हा तिनं शेजारच्या अंकिताच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, चकती फिरवून पुसून कोपराच्या खळीत ठेवली. टकटक सुरू झाली की वरचा आकडा, थांबली की खालचा, असं मॅडमनी शिकवलं होतं. काटा हळूहळू खाली आला. टकटक काही झाली नाही. मॅडमनी विचारलं, आलं का ऐकू? मागे चोवीस पोरी रांगेत उभ्या होत्या. क्रांतीनं फळ्याकडे पाहिलं. निरोगी माणसाचं बीपी म्हणून तिथं लिहिलंच होतं. ती म्हणाली, एकशेवीस-ऐंशी. मॅडम म्हणाल्या, शाब्बास.

शाब्बासकी ही मोठी वाईट चीज. चुकीच्या जागी पडली की परत करता येत नाही. ‘मॅडम, मला ऐकू येत नाही’ एवढे पाच शब्द तिच्या जिभेवर आले होते, पण ते गिळून ती जाग्यावर जाऊन बसली. पुढे जर्नलमध्ये तीस माणसांची बीपी लिहून आणायची होती. पोरींनी ती मधल्या सुट्टीत डबा खाता खाता लिहिली. तिसांच्या तीस माणसांचं रक्त कसं शहाण्यासारखं वाहत होतं. मॅडमनी सगळ्या पानांवर सही केली. क्रांतीला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले.

गांधी जयंतीला शाळेनं हिवरवाडीतच तपासणी शिबिर घेतलं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तीन टेबलं मांडली. आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले, तासभर बसले आणि फोन आला म्हणून गेले. एका टेबलावर वजन, दुसऱ्यावर साखर, आणि बीपीच्या टेबलावर गावचीच पोर म्हणून क्रांती. अंगात पांढरा एप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप. दाराशी तिची आई उभी होती. आल्यागेल्याला सांगत नव्हती काही, पण उभी मात्र होती.

त्या दिवशी क्रांतीपुढे एक्केचाळीस माणसं बसली. पहिल्या हाताला तिनं खरंच जीव कानात आणून ऐकलं. काही नाही. दुसऱ्यालाही नाही. मग तिनं लिहायला सुरुवात केली. सगळ्यांना एकच आकडा दिला तर संशय येईल, म्हणून कुणाला एकशेअठरा, कुणाला एकशेचोवीस, कुणाला एकशेतीस. चुकून झालेलं माफ होतं म्हणतात, पण हे तर नीट विचार करून केलेलं होतं. त्याची लाज तिला त्या वेळी वाटली नाही, हे सांगायलाच हवं. त्या वेळी तिला फक्त रांग संपायची घाई होती.

शेवटी शेजारच्या घरातल्या राहीबाई आल्या. वय सत्तरीच्या पुढे. दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू. क्रांतीनं पट्टा बांधला, फुगा दाबला, कार्डावर एकशेवीस-ऐंशी लिहिलं आणि कौतुकानं म्हणाली,

“आज्जी, एकदम बेस. तरण्या पोरीवानी हाय तुमचं.”

राहीबाई हरखल्या. कार्ड उलटंसुलटं करून बघत म्हणाल्या, “आगं, मग गोळी कशाला खायाची?”

क्रांती हसली. खुर्च्या उचलायला पोरं आली होती, तिला एप्रन घडी करायचा होता. तिनं उत्तर दिलं नाही. राहीबाईंनी त्या हसण्यालाच उत्तर समजलं.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर आठवड्यानं सकाळी राहीबाई चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडल्या. उजव्या अंगावरनं वारं गेलं होतं. तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. त्यांचा मुलगा लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं गाडी काढली आणि मिरजेला निघण्याआधी क्रांतीच्या दारात येऊन तिच्या आईला म्हणाला, वहिनी, पोरीला संगं पाठवा. तिनं ते शिक्षण घेतलंय, तिला दवाखान्यातलं कळतं.

क्रांती गेली. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? विटा गेलं, तासगाव गेलं, मागच्या सीटवर राहीबाईंचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि ती मनाला समजावत होती की वय झालंय, थंडी पडलीय, कशानंही झालं असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले. जुनी चिठ्ठी बघून त्यांनी विचारलं की गोळी चालू होती ना? लालासाहेब म्हणाला, दीड महिना झाला, आईनं सोडली. डॉक्टर वैतागले. वाकून मोठ्यानं विचारलं, आजी, कुणी सांगितलं होतं गोळी बंद करायला?

क्रांती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. राहीबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

“मी,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मीच.”

डॉक्टरांनी मान हलवली, लालासाहेबानं कपाळाला हात लावला. आता आईचंच चुकलं म्हटल्यावर बोलायचं काय? ज्या बाईला धड पाणी गिळता येत नव्हतं, तिनं एवढा एक शब्द ओढून काढला, तोही क्रांतीला झाकायला. त्यापेक्षा तिनं बोट दाखवलं असतं तर बरं, असं क्रांतीला वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या वॉर्डात कळलं.

दुपारी चंदनबाला सिस्टर औषधं द्यायला आल्या. पन्नाशीची, जयसिंगपूरकडची हसरी बाई. शिकतेस म्हणे, घे बघू आजींचं बीपी, असं म्हणून त्यांनी आपला स्टेथोस्कोप क्रांतीच्या हातात दिला. क्रांतीनं तो घेतला, गळ्यात घातला, चकती फिरवून फिरवून पुसली आणि डाव्या दंडाला पट्टा बांधला. काटा वर गेला, खाली आला. तीच शांतता. तिनं मान खाली घातली.

“ऐकू येत न्हाई, सिस्टर.”

दीड वर्षानं ते शब्द बाहेर पडले होते. सिस्टर ना हसल्या, ना रागावल्या. त्यांनी चकती हातात घेतली आणि कट्‌दिशी अर्धी फिरवली. “अगं, हिला दोन तोंडं असतात. भलत्या बाजूला फिरली की दुसरी बंद. पहिल्या दिवशी सगळ्यांचंच चुकतं, विचारलं की झालं. आता लाव.”

क्रांतीनं पुन्हा फुगा दाबला, हळूहळू सोडला. एकशेसत्तरपाशी राहीबाईंचं रक्त तिच्या कानात ठोके द्यायला लागलं. टक, टक, टक. स्पष्ट, दारावर कुणी बोटानं वाजवावं तसं. अर्ध्या फिरकीचं काम होतं. अर्धी फिरकी आणि एक प्रश्न. क्रांती नळ्या कानात तशाच ठेवून रडायला लागली, आणि राहीबाई धड असलेल्या डाव्या हातानं तिचं मनगट थोपटत राहिल्या.

लालासाहेब बाहेर बाकावर मोसंबी सोलत बसला होता. क्रांती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तात्या, आज्जीचं बीपी मी मोजलंच न्हवतं. मला ऐकू येत न्हवतं. मी मनानं लिवलं. आज्जीनं इचारलं गोळी कशाला खायाची, तर मी हासले.”

मोसंबी सोलायची थांबली. क्रांतीनं शिव्यांची, थपडेची, कशाचीही तयारी केली होती. त्यानं विचारलं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“तुज्यापुढं किती मानसं बसली हुती?”

“एक्केचाळीस.”

“म्हंजी चाळीस अजून हायती.”

इतके दिवस ती झुरत होती ती स्वतःसाठी. आपलं काय होईल, आई काय म्हणेल, नर्सिंगला कोण घेईल. त्या चाळीस जणांचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. आणि ती म्हणे नर्स होणार होती.

“ऐक,” लालासाहेब म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. “पहाऱ्यावरचा जवान झोपला, तर त्येला शिक्षा मागनं देत्यात. आदी बाकीच्यांस्नी उठवत्यात. मी तुला काय बोलायचं ते मागनं बोलंन. तू पैली गावाकडं जा.”

ती दुपारच्या एसटीनं परतली. आईला सांगितलं तर आईनं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, म्हातारीनं झाकलं हुतं, तुला उघडायची काय गरज हुती? कुणाला कळनार हुतं? त्यानंतर चार दिवस ती लेकीशी बोलली नाही.

ब्राह्मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या. जर्नलवरच्या सह्या त्यांच्या होत्या. मग उठून त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि मशीन तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, आधी माझ्यासमोर दहा जणींचं मोज. ते बरोबर निघालं की घरोघर मीही येते, आणि दारात माझंही नाव घे. ते त्यांनी केलंही. बाईंची पुढच्या वर्षीची नेमणूक त्यात धोक्यात होती, हे शाळेत सगळ्यांना कळत होतं.

एकेका उंबऱ्यावर उभं राहून ‘मी खोटं लिहिलं होतं’ म्हणणं काय असतं, हे सांगून समजायचं नाही. काही घरांनी पाणी दिलं. भाऊसो पाटलांच्या घरात सुनेनं दारातूनच सांगितलं की आमी मायणीला दावू, तुजा हात नको. नाथाजीनं दंड पुढे केला आणि हसत म्हणाला, आता तरी मोजतीस का आजूनबी मनानंच? दुसऱ्या दिवसापासून पारावरची पोरं तिला बघून ओरडायला लागली, एकशेवीस आली रं, एकशेवीस. गावानं एकदा नाव पाडलं की ते लग्नातही मांडवात येतं. क्रांती मान खाली घालून चालायची, पण चालायची.

हरिबा रामोशांकडे गेली तेव्हा तिनं शिबिरात लिहिलेलं कार्ड देव्हाऱ्यात खंडोबाच्या फोटोला टेकवून ठेवलेलं होतं. हळद-कुंकू लावलेलं. हरिबा ते देईना.

“ऱ्हाऊ दे की. लय चांगला आकडा हाय. सुनंला रोज दावतुया.”

“त्यो आकडा खोटा हाय, आबा. मीच खोटा लिवलाय.”

“पर मला तर काय हुईना.”

क्रांतीनं त्याच्या पायाशी बसून दंडाला पट्टा बांधला. ठोके एकशेनव्वदलाच सुरू झाले. तिनं दोनदा मोजलं, मॅडमनी एकदा मोजलं. मग तिनं स्वतःच्या हातानं देव्हाऱ्यातलं कार्ड काढलं, त्यावर काट मारली, आणि हरिबाला मॅडमच्या स्कूटीवर बसवून आरोग्य केंद्रात पाठवलं. पूर्ण गावात असे सात जण निघाले. त्याबद्दल तिला कुणी शाब्बास म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं.

डिसेंबर उजाडला तेव्हा राहीबाई घरी आल्या. क्रांतीकडे आता एकच कार्ड उरलं होतं. ते तिनं मुद्दाम मागे ठेवलं होतं, धीर होत नव्हता म्हणून. लालासाहेब ओसरीवर बसला होता. मागाहून बोलेन म्हणाला होता, पण बोलला नाही. नुसती मानेनं आत जायची खूण केली.

राहीबाई वाकळीवर उशाला टेकून बसल्या होत्या. तिला बघून त्यांनी डावा हात वाकळीतून बाहेर काढला आणि पुढे केला. क्रांतीनं चकती फुंकली, तिच्यावर टिचकी मारून आवाज येतो का पाहिलं, मग पट्टा बांधला. तिनं शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकलं.

“एकशेछप्पन-ब्याण्णव, आज्जी. आजून जास्तच हाय.”

राहीबाईंनी आकडा ऐकून घेतला. मग जड जिभेनं, एकेक अक्षर जुळवत, त्यांनी शिबिरातलाच प्रश्न पुन्हा विचारला.

“गोळी... कशाला?”

क्रांती या खेपेला हसली नाही. ती अजून जवळ सरकली, म्हातारीचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली,

“गोळी रोज खायाची, आज्जी. बरं वाटलं तरी खायाची. हे मी त्याच दिवशी सांगायला पायजे हुतं.”

राहीबाईंनी मान डोलावली आणि उजव्या बाजूच्या फळीकडे डोळ्यांनी खूण केली. गोळ्यांचं पाकीट तिथं होतं. क्रांती पाणी आणायला उठली.