भिंतीला पाठ लावून

नेपथ्यकार नम्र आहेत असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांच्या बायकोला हसून हसून ठसका लागला असता. पडदा उघडताच टाळी पडली तर ती आपल्या भिंतींना, आणि नाही पडली तर प्रेक्षकांना अक्कल नाही, असं त्यांचं साधं सरळ मत होतं. आयुष्यभर त्यांनी रंगमंचावर घरं, महाल, तुरुंग, दवाखाने उभे केले. पण प्रयोग संपला की नट वाकून वाकून टाळ्या घ्यायचे आणि हे विंगेत चरफडत उभे राहायचे.

या नाटकाच्या दिग्दर्शकाने मात्र शब्द दिला होता. "पहिल्या प्रयोगानंतर पडद्यामागच्या सगळ्यांना पुढे बोलावणार. तुम्ही सर्वांत शेवटी या आणि चार शब्द बोला."

झालं! त्या दिवसापासून घरात भाषणाची तालीम सुरू झाली. दाढी करताना भाषण, चपला शोधताना भाषण. बायको कपडे वाळत घालत असली की हे हात मागे बांधून समोर उभे. चार शब्दांचं बघता बघता पुराण झालं. ती बिचारी ऐकायची, आणि हे अडखळले की चिमटा लावता लावता पुढचा शब्द पुरवायची.

प्रयोगाच्या दुपारी त्यांनी प्रेक्षागृहात बसून आपलं काम डोळे भरून पाहिलं आणि तिथेच माशी शिंकली. मागच्या भिंतीतल्या मोठ्या खिडकीतून रंगवलेलं आभाळ दिसत होतं, आणि त्या आभाळात भिंतीला मागून दिलेला लाकडी टेकाही दिसत होता. आभाळात लाकूड! तेही आज, त्यांच्या दिवशी! कुणाला न विचारता त्यांनी टेका स्वतःच्या हाताने काढून टाकला. भिंत जागची हलली नाही. "बघा," ते रिकाम्या खुर्च्यांना म्हणाले.

शेवटच्या प्रवेशात नायक रागाने घर सोडतो. तालमीत तो दार नुसतं लोटायचा, पण भरलेलं थिएटर पाहून त्याच्या अंगात वारं शिरलं आणि त्याने दार असं आपटलं की अख्खी भिंत मागे कलली. नेपथ्यकार विंगेतून धावले, भिंतीमागे खिडकीच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी पाठ लावली आणि पाय रोवून उभे राहिले. भर प्रयोगात भिंत पडली तर उभ्या जन्मात कुणी काम दिलं नसतं. पडदा पडला की कामगार येतील, भिंत सांभाळतील, मग आपण घाम पुसून पुढे जाऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

पण दिग्दर्शकाने पडदा पडूच दिला नाही. टाळ्या चालू असतानाच तो माइक घेऊन पुढे आला आणि त्याने सगळ्यांना बोलावलं. सुतार गेला, रंगारी गेला, दिवेवाला गेला, पडदा ओढणारासुद्धा गेला. विंगा ओस पडल्या.

"आणि आता आपले नेपथ्यकार!"

टाळ्या झाल्या. नेपथ्यकार काही येईनात.

"या, या! लाजू नका!"

"लाजतंय कोण!" ते भिंतीमागून ओरडले, पण टाळ्यांपुढे त्यांचा आवाज कुठला पोहोचायला.

"बघितलंत?" दिग्दर्शक गहिवरला. "याला म्हणतात नम्रता! काम करायचं आणि अंधारात राहायचं. प्रसिद्धीचा सोस म्हणून नाही!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ते जितका वेळ येईनात, तितके अधिकच थोर होत चालले. भिंतीमागे त्यांना रडू कोसळायचं बाकी होतं.

पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोने 'नम्रता' हा शब्द ऐकला मात्र, ती ताडकन उठली. नवऱ्याला नक्की काहीतरी झालंय! ती धावतच मागे आली.

"अहो, काय झालं? पाठ धरली का?"

"पाठीने भिंत धरलीय!"

"सरका. मी धरते, तुम्ही जा."

तिने खांदा लावला. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, तशी भिंत तिच्यावर झुकली आणि ती "आई गं!" म्हणून कळवळली. त्यांनी झटकन पुन्हा पाठ लावली.

"नको, नको. चेपशील तू."

"मग आता?"

"मग काय! सुताराला हाक मारली तर भर सभेत अब्रू जायची. राहतो नम्र."

त्यांचा पडलेला चेहरा तिला बघवेना. तिने केस सारखे केले. "थांबा, मी जाते," ती म्हणाली आणि गेलीसुद्धा.

"मी त्यांची बायको," तिचा आवाज माइकवरून आला. "त्यांना येता येत नाहीये. पण त्यांचं भाषण मला पाठ आहे."

हशा पिकला, आणि ती बोलू लागली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. भिंतीमागे ते नुसते ओठ हलवत होते. दिग्दर्शकाचे आभार झाले. सुताराचे, रंगाऱ्याचे झाले. चित्रकलेत नापास करणाऱ्या मास्तरांचे झाले, तिथे टाळी पडली. नाटकासाठी सोफा देणाऱ्या शेजाऱ्याचेही झाले. मग "धन्यवाद" आलं आणि भाषण संपलं.

एवढे दिवस हे भाषण त्यांना कसं भरगच्च वाटत होतं. आज ते तिच्या तोंडून ऐकलं आणि त्यात सगळं जग होतं, फक्त ती नव्हती. रोज अडलेला शब्द पुरवणाऱ्या बाईने हा एक शब्द कधी पुरवला नव्हता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि माझ्या बायकोचे!" ते जिवाच्या आकांताने ओरडले.

खिडकीतल्या आभाळातून आलेला आवाज ऐकून सभागृह चिडीचूप झालं.

"तिचे सगळ्यांत आधी मानायला हवे होते! विसरलो मी! गाढव आहे मी, गाढव!" बोलण्याच्या भरात त्यांनी दोन्ही हात उंचावले आणि भिंत डुलली. सुताराने कपाळाला हात लावला.

ती वळून खिडकीकडे बघत राहिली. माइक अजून तोंडापाशीच होता.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "आता गप्प बसा आणि भिंत धरा."