डाव्या पंखाचे आठ बोल्ट

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगते. तो बाबांकडून आलाय. खाण तशी माती.

बाबा विमानदुरुस्तीचे इंजिनिअर. आयुष्यभर लोकांची विमानं तपासली आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं बांधत बसले. दोन माणसांपुरतं, छोटंसं. आई त्याला 'धाकटी सवत' म्हणायची. जेवायला हाक मारायची तीही तशीच, "तिला विचारा, सोडते का तुम्हाला."

बाबांचा एक नियम होता. एकाने काम करायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि वहीत दोघांच्या सह्या. दुसरी सही नाही तोवर काम झालंच नाही. दादाला नटबोल्टांचा कंटाळा, म्हणून ती दुसरी सही नववीपासून माझी.

नऊ वर्षांपूर्वी डाव्या पंखाचं काम संपलं. बाबांनी मला तपासायला बोलावलं. बाहेर गाडीत मैत्रिणी थांबल्या होत्या. मी पंखाखाली न वाकताच सही ठोकली. बाबांना ते कळलंच. माझ्यामागोमाग वही घेऊन बाहेर आले, लाल पेनाने सही खोडली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या सहीवर मी पतंगसुद्धा उडवणार नाही."

झालं. मी डोक्यात राख घातली. "तुमचं विमान तुम्हालाच लखलाभ," म्हणाले आणि पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. घरी येत होते, चहा पीत होते, त्यांच्या गुडघ्यांवरून भांडत होते. विमानाचं विचारलं की बाबा म्हणायचे, "थोडं राहिलंय." मला वाटायचं, बरंच राहिलं असेल.

गेल्या महिन्यात बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. परवा फ्लाइंग क्लबचे मेकॅनिककाका विमान न्यायला आले. बाबांचे जुने दोस्त. शेडमध्ये उभे राहून त्यांनी अख्खी वही चाळली आणि एका पानावर थांबले.

"एवढी एक सही नाही. बाकी सगळं तयार आहे."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली. मी दर वर्षी म्हणायचो, आण, मी तपासतो. तर म्हणायचा, ते तिचं काम आहे. राग गेला की येईल."

मी तिथल्याच खोक्यावर बसले.

"सहीशिवाय क्लब ते उडवणार नाही," काका म्हणाले. "दाराशी शोभेला ठेवतील."

दादाने पेन पुढे केलं. "जुनी तारीख टाक आणि मोकळी हो. कोण बघतंय?"

मी त्याच्या अंगावर अशी ओरडले की आई आतून धावत आली. मग टॉर्च मागून घेतला आणि पंखाखाली आडवी झाले.

आठ बोल्ट. प्रत्येकाच्या नटात एक पिन, तिची टोकं दुमडलेली. एकेक पिन बोट लावून बघितली. खरं सांगते, मी मनातल्या मनात एकच मागत होते. एखादी तरी पिन चुकलेली सापडू दे. निदान एक नट सैल असू दे. म्हणजे बरं झालं बाबांनी उडवलं नाही, असं मला स्वतःला सांगता येईल. सातवा बोल्ट तर दोनदा बघितला. पण बाबांचं काम होतं ते. चूक कुठून सापडणार?

बाहेर येऊन मी त्याच दिवसाची तारीख टाकून सही केली. आई माझ्या पाठीवरची धूळ झटकत राहिली.

"तपासायला लागलेला वेळही लिही," काका म्हणाले. "शेवटचा रकाना."

मी घड्याळ बघितलं आणि लिहिलं, बारा मिनिटं.