जिथे आहात तिथेच थांबा

कानातला आवाज. दुपारचे दोन वाजून एकवीस मिनिटे.

"...नाही, तीनला मी गुहेच्या पोटात असेन. तिथे रेंज नसते, तुला माहीत आहे... चारच्या सुमाराला बाहेर... यीनान, आत्तापासून काय रडतेस? निकाल तर लागू दे... मी काय सांगते ते ऐक. प्रवेशाच्या रेषेच्या वर असलीस तर फोन कर. खाली असलीस तर करूच नकोस. गेल्या वर्षी तो फोन मी भर धक्क्यावर घेतला, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. पुन्हा ऐकायची ताकद नाही माझ्यात... मी ओरडत नाहीये... मग काय, ये माझ्यासारखी, धर झेंडा. एकोणीस वर्षं म्हाताऱ्यांना मुतायला नेऊन आणतेय मी. आजचेच बघ. एकतीस डोकी, साठ स्कार्फ, आणि दर अर्ध्या तासाला संडास... ठेवते. ठेव म्हटलं ना."

एकतीस.

वेइ लिऊमेइनं फोन खिशात कोंबला, तिकीटघरामागच्या नळावर तोंड धुतलं आणि चेहऱ्यावर गाइडचं हसू चढवून ती बाहेर आली. गळ्यात माइकची डबी लोंबत होती. डबीवरचा हिरवा दिवा चालू होता. तो बंद करायचा राहिला हे तिला कळायला अजून दीड तास होता. डबीचा आवाज दीडशे पावलं जातो आणि तिकीटघराची भिंत त्याच्या खिजगणतीतही नसते.

तिची माणसं वडाच्या सावलीत उभी होती. झूझौच्या वॅगन कारखान्यातले निवृत्त लोक, डोक्यावर एकसारख्या नारिंगी टोप्या आणि प्रत्येकाच्या कानात एकेक यंत्र. सकाळपासून ही टोळी म्हणजे उकळतं पातेलं होतं. आता त्यावर झाकण पडल्यासारखं झालं होतं. कुणी सूर्यफुलाच्या बिया सोलत नव्हतं. न्ये काकू, जिनं तीस वर्षं कारखान्यात क्रेन चालवली आणि जिचा आवाज अजून त्याच उंचीवरून येतो, ती जमिनीकडे बघत होती.

"कुणाला जाऊन यायचंय का? आत सोय नाही," लिऊमेइनं विचारलं.

कुणीच हात वर केला नाही. सकाळपासून पहिल्यांदा.

"मी..." एक म्हातारे पुटपुटले. बायकोनं त्यांची बाही ओढली. "धरा थोडं," ती म्हणाली.

लिऊमेइनं मनात ताडलं. जेवणातला मासा. तिला जेवतानाच वाटलं होतं की त्या खानावळीतला मासा शिळा आहे. आता हे संध्याकाळी तक्रार करणार. तक्रारी दोन झाल्याच होत्या, तिसरी झाली की कंपनी तिला हिवाळ्याच्या फेऱ्या देणार, म्हणजे काहीच न देण्यासारखं.

ती रोजचं बोलू लागली. "आत रेंज नाही, तेव्हा आत हरवायचं नाही. बाहेर कुठेही हरवलात तर मला शोधत फिरू नका. दोघं फिरायला लागले की जन्मभर भेटत नाहीत. जिथे आहात तिथेच थांबा, फोन करा, समोर काय दिसतंय ते सांगा. मी येते."

सकाळी या वाक्यावर न्ये काकूनं विचारलं होतं, "आणि समोर देखणा पुरुष दिसला तर?" आता ती नुसती मान हलवून गेली.

मोजणी. एकतीस. चला.

सिंह.

नऊ पडद्यांच्या गुहेत दिव्यांची बटणं भिंतीत आहेत, ती गाइडनं दाबायची. जमिनीवर पिवळ्या फरशा आहेत. फरशीवर उभं राहायचं, बटण दाबायचं, मग नव्वद सेकंद लाल-निळा उजेड पडतो आणि दगडाचा सिंह होतो. दोन पावलं सरकलं की पुन्हा दगड. "तीन भाग दिसणं, सात भाग आपलं मन," लिऊमेइ म्हणाली. हे ती बहुधा चार हजाराव्यांदा म्हणत होती.

दोन वाजून एकेचाळीस.

"हा सिंह पाहुण्यांना निरोप देतोय. बघा, पंजा वर..."

"दिसला," न्ये काकू म्हणाली.

"शेपटी अजून..."

"शेपटी पण दिसली. आम्ही सगळ्यांनी सिंह बघितला. पुढे?"

नव्वदातले साठ सेकंद उरले होते. लिऊमेइ त्या साठ सेकंदांच्या उजेडात उभी राहिली आणि तिच्या एकोणीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं: लोक तिच्या पुढे निघून गेले.

कोबी.

कोबीच्या गड्ड्यापाशी फोटो होतात. हा दगड गुलाबी-हिरव्या उजेडात इतका कोबीसारखा दिसतो की कल्पनेला कामच उरत नाही. इथे बायका स्कार्फ काढतात, दोन हात वर, एक गुडघा वाकवलेला, वारा नसला तर मैत्रिणीनं टोक धरून उडवायचं. इथे वीस मिनिटं जातात. लिऊमेइनं ती धरूनच हिशेब बांधला होता.

एकही स्कार्फ बाहेर आला नाही.

तिला घाम फुटला. फोटो न काढणारी टोळी तिनं एकदाच पाहिली होती, आणि त्या टोळीनं सहा पानी पत्र लिहिलं होतं.

दोन बावन्न. आठ मिनिटांनी निकालाचे आकडे लागतील. यीनान, तिची लेक, मामाच्या दुकानात मागच्या खोलीत असेल, परीक्षेचा नंबर तळहातावर लिहिलेला. गेल्या वर्षीही तळहातावरच लिहिला होता. आणि आपण काय म्हणालो? जे म्हणालो ते तिनं आठवायचं टाळलं.

टोळी खूश करायला हवी. कसंही करून.

"आज तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी मी सगळ्यांना सांगत नाही," ती म्हणाली. नारिंगी टोप्यांमधून एक अस्फुट कण्हणं उठलं. "या कोबीची. फार पूर्वी इथे एक गरीब माणूस..."

"मेला असेल ना शेवटी?" कुणीतरी विचारलं.

"नाही, त्याला हा कोबी..."

"मिळाला. छान झालं. वेइ, पोरी, आमचे गुडघे ताठरतात उभं राहून. चालत चालत सांग."

"कशाला घाई?" असं विचारणारा एकच माणूस त्या गुहेत होता, गोंग गुरुजी. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेले. त्यांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी जेवायच्या वेळेलाच मेली होती आणि जादा बॅटऱ्या बसमध्ये होत्या, म्हणून दुपारच्या बाराच्या पुढचं जग त्यांनी ऐकलंच नव्हतं. ते काठी टेकून कोबीकडे बघत होते. "गाइडबाई, हा दगड दर शंभर वर्षांनी किती वाढतो?"

लिऊमेइनं त्यांच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं. "छान प्रश्न आहे, गुरुजी. एक सेंटिमीटर..."

"गुरुजी," न्ये काकूनं त्यांचा दंड धरला, "आपण पुढच्या शंभर वर्षांनी येऊन मोजू. चला."

"अहो, मी पैसे भरलेत..."

"आम्ही काय टरबूज भरलेत? चला."

तीन.

तीन वाजता ते एका अंधाऱ्या बोगद्यात होते. पाणी ठिबकत होतं. लिऊमेइनं फोन काढला, चार उभ्या रेघांच्या जागी फुली. तिनं तो वर धरला, जणू एक हात उंचीवर रेंज असेल. चारशे हात दगड होता डोक्यावर.

मागं वळली तर एकतीस माणसं तिच्या हाताकडे बघत होती. सगळ्यांनी एकदमच नजर फिरवली. कुणी छताकडे, कुणी बुटाकडे.

"पाणी किती गार आहे नाही," एक काकू म्हणाली.

तीन दहा.

आता दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू झाली. ती थांबवी, ते चालत. तिनं तीन दगडांच्या जादा गोष्टी सांगितल्या, एक तर तिथल्या तिथे रचली. तिला वाटे, हे चिडलेत, यांना जास्त द्यायला हवं. त्यांना वाटे, हिला लवकर बाहेर काढायला हवं आणि ही तोंड मिटत नाही. एका वळणावर तिनं एका काकाला कुजबुजताना ऐकलं, "सांगून टाकू का सरळ?" आणि न्ये काकूचं उत्तर, तिच्या मते कुजबुजतं, "मेल्या, मग ती आत्ताच मरेल लाजेनं. इथे पुरायचं का तिला?"

लिऊमेइनं यातला 'मासा' शब्द शोधला. सापडला नाही.

तीस.

तीन पंचवीसला मोजणी केली. तीस. पुन्हा. तीस.

गोंग गुरुजी मागे एका फरशीवर एकटे उभे होते, स्वतः बटण दाबून. समोर दारात उभी म्हातारी, म्हणजे तशी दिसणारी शिळा, डोळ्यावर आडवा हात धरून कुणाची तरी वाट बघणारी. "ही कुणाची वाट बघते?" त्यांनी विचारलं. ही गोष्ट लिऊमेइला झोपेतही येत होती. मुलाची. मुलीची. गिऱ्हाईक बघून ती बदलायची. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि खिशातला फोन चाचपला. उजेड गेला. अंधारात गुरुजी म्हणाले, "ठीक आहे, माहीत नसेल तर नसू दे. मलाही सगळं येत नव्हतं."

बाहेर.

तीन वाजून चोपन्न. उजेड, उकाडा, पारिजातकासारख्या वासाच्या वड्या विकणाऱ्या बायका. खिशात फोन थरथरला. तिनं तो इतक्या घाईनं काढला की हातातून निसटला.

ड्रायव्हर: कुठे लावू गाडी? कंपनी: रात्रीच्या जेवणाला तीन टेबलं की चार? मामाच्या दुकानातून काही नाही. यीनानकडून काही नाही. आकडे लागून चोपन्न मिनिटं झाली होती.

लिऊमेइनं फोन खिशात ठेवला. चेहरा नीट केला. झेंडा वर.

"मंडळी, वीस मिनिटं मोकळी. डाव्या हाताला स्वच्छतागृह. त्यानंतर चहाच्या मळ्याला..."

कुणी हललं नाही. ज्यांनी दीड तास धरलं होतं तेसुद्धा.

"आला का?" न्ये काकूनं विचारलं.

"काय?"

"फोन."

"कुणाचा फोन?"

न्ये काकूनं बोट उचललं आणि स्वतःच्या कानाला लावलं. मग तेच बोट लिऊमेइच्या गळ्यातल्या डबीकडे वळवलं.

हिरवा दिवा.

लिऊमेइला आधी मुलगी आठवली नाही. आधी आठवलं ते मुतायचं वाक्य. कानाच्या पाळ्यांपर्यंत रक्त चढलं. "काकू, मी ते..."

"ते सोड. खरंच आहे ते. मी सकाळपासून पाच वेळा गेलेय."

"आणि स्कार्फ साठ नाहीत," दुसरी म्हणाली. "माझेच नऊ आहेत. मोजणी कच्ची तुझी."

एक-दोघं हसले, पण ते हसू लगेच विरलं.

"काय चाललंय ते मला कुणी सांगेल का?" गोंग गुरुजींनी विचारलं.

"हिच्या मुलीचा कॉलेज-प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेचा निकाल. दुसरं वर्ष. तीनला लागला."

"मग? किती पडले?"

"फोन आला नाही."

"अजून नाही आला म्हणजे येईल. मुलं विसरतात."

"विसरलेली नाही," लिऊमेइ म्हणाली. आवाज तीस कानांत घुमला, गुरुजींचा सोडून. "मीच सांगितलं होतं."

मग सगळे एकदम बोलायला लागले. लाव फोन. नको, पोरीला थोडा वेळ दे. माझ्या पुतण्यानं तीनदा दिली, आता त्याचं नूडल्सचं दुकान आहे, गाडी आहे. अगं गाडी काय सांगतेस, तिचं मन बघ. हिची काय चूक, हिनं एकटीनं वाढवलीय. तुला काय माहीत एकटीनं? नवरा असता तर हिनं त्याच्यावर ओरडलं नसतं का?

न्ये काकू त्या गलक्यातून वाट काढत निघाली. ती जवळ आली आणि क्रेनवरचा आवाज खाली उतरवून म्हणाली, "माझ्या मुलालाही मी असंच म्हटलं होतं. काही करून दाखवल्याशिवाय फोन करू नकोस. आज्ञाधारक निघाला. अकरा वर्षं झाली."

तिनं हात पुढे करून डबीचं बटण दाबलं. हिरवा दिवा विझला.

"हे आमचं नाही," ती म्हणाली. "जा तिकडे. लाव."

पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसराही. वड्यांच्या टोपल्यांपलीकडे, भिंतीशी तोंड करून, लिऊमेइनं तिसरा लावला आणि वाजणाऱ्या घंटा ती माणसं मोजतात तशी मोजू लागली. सात. आठ.

"आई."

मागे मोठा आवाज होता. मामाच्या दुकानातला नव्हता.

"तू म्हणालीस करू नको," यीनान म्हणाली. "मी केला नाही."

"हो."

"चौदा कमी."

लिऊमेइनं बोलायला तोंड उघडलं. एकोणीस वर्षांची तोंडपाठ वाक्यं होती, सिंहाची, कोबीची, दारातल्या म्हातारीची. त्यातली एकच वर आली.

"जिथे आहेस तिथेच थांब," ती म्हणाली. "हलू नकोस. समोर काय दिसतंय ते सांग."

"आई, मी हरवलेली नाहीये."

"माहीत आहे. सांग."

"बसची पाटी."

"कुठल्या गावची?"

"दक्षिणेकडची. चार चाळीसची. तिकीट काढलंय."

"मी येते."

"तुझी माणसं आहेत."

लिऊमेइनं मागं पाहिलं. माणसं तिथं नव्हती. ती घाबरली आणि मग तिला उताराच्या खाली बसच्या दारात नारिंगी टोप्यांची रांग दिसली. न्ये काकूच्या हातात झेंडा. रांगेत कुणी धक्काबुक्की करत नव्हतं. गोंग गुरुजी तेवढे पायरीवर अडून बसले होते.

"पण कार्यक्रमात चहाचा मळा आहे. छापील आहे," ते म्हणत होते.

"गुरुजी, चहा हिरवा असतो. बघितलाय तुम्ही. चढा."

एकतीस.

बसमध्ये चढलं की झोपायचं, उतरलं की फोटो काढायचे, हा अशा सहलींचा धर्म. आज एकही डोळा मिटलेला नव्हता. शहरातला स्टँड अठ्ठावीस किलोमीटर, पुढे सिमेंटचा ट्रक, रस्ता एकपदरी, घड्याळात चार दहा. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. लिऊमेइ तिच्या सीटवर बसली नाही. दाराच्या पायरीवर, एका हातानं दांडा धरून, फोन कानाला लावून उभी राहिली.

"अजून तिथेच आहेस?"

"हो."

"काय दिसतंय?"

"तेच, आई."

"पुन्हा सांग. काही सोडू नकोस."

मागच्या सीटवर गोंग गुरुजींनी नवी बॅटरी घातली, यंत्र कानात बसवलं, टिचकी मारली, पुन्हा टिचकी मारली. "माझं अजून बंदच आहे," ते शेजाऱ्याला म्हणाले.

"सगळ्यांचंच बंद आहे. गप्प बसा."

पलीकडून यीनान पाट्या वाचत होती. गाव, वेळ, फलाट. गाव, वेळ, फलाट. ट्रक डावीकडे सरकला, नाही, सरकला नाही.

"आई, चार चाळीसची लागली. लोक चढतायत."

"चढू देत. मोज त्यांना," लिऊमेइ म्हणाली. "किती झाले?"

"...चार. पाच."

"पुढे."