नाव नसलेली नोंद

लहानी गेली असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी नर्सने तिचं वय विचारलं. चाळीस वर्षं संसार करून मला ते माहीत नव्हतं. ती शाळेत गेली नव्हती आणि आधार कार्डावरचं सालही अंदाजाचं होतं. मला ते फार लागलं.

मुरबाडच्या वाचनालयात घराण्याची माहिती कशी शोधावी याची पुस्तिका मिळाली. तहसील कचेरीत तिच्या माहेरच्या, वैशाखऱ्याच्या जुन्या जन्मनोंदी मी तीनदा पाहिल्या. लहानी हे नावच नव्हतं.

तिचा भाऊ जगन पुस्तिका चाळून हसला. "दाजी, हे पान वाचलंच नाय तुमी. नोंद बारशाच्या आधी व्हायची. तवा पोरीला नाव कुठलं? आमच्या बापाच्या नावानं बघा."

चौथ्या खेपेला सापडलं. 'धाकलू बारकू, मुलगी, ११ जानेवारी १९६३.' धाकलूला मुलगी एकच. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसा गावच्या जत्रेतला जन्म, असं सासू सांगायची, तेही जुळलं. मी कचेरीत उभ्या उभ्या सगळ्यांना वाचून दाखवलं. कारकुनाने चहा मागवला.

आता घरी तिच्या फोटोखाली खरी तारीख आहे. तिच्या आजोबांची, बारकूची नोंद अजून शोधायची आहे.