नारळ कुठे फोडायचा

विनिताने टेप लावून दोनदा मोजलं. टॉयलेटच्या पाइपसाठी स्लॅबमध्ये सोडलेलं भोक वीतभर सरकून भिंतीखाली गेलं होतं. आता पक्का स्लॅब फोडायचा.

शनिवारच्या मीटिंगमध्ये तिने ते सांगितलं. घोडबंदर रोडवरच्या या साइटवर दोन टॉवर एकाच वेळी चढत होते, एक विनिताकडे, एक सर्वेशकडे. एकाची चूक दुसऱ्याने करू नये म्हणून मोठ्या साहेबांनी ही मीटिंग काढली होती. चुका फारशा निघत नसत. बिस्किटं मात्र संपत.

"सर्वेश, तुझ्या टॉवरला असं झालेलं?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. आमचं सगळं ओके."

साहेब विनिताकडे वळले. "पुढच्या स्लॅबलाही झालं, तर तुझा टॉवर सर्वेशकडे."

पुढच्या स्लॅबच्या सकाळी नारळ फोडायला सर्वेशचा फोरमन देवराम आला. साइटवर तोच सगळ्यांत जुना, म्हणून दोन्ही टॉवरचा मान त्याचा. जिथे नारळ फुटेल तिथून काँक्रीट सुरू, ही इथली रीत. दरवेळी तो जिन्यापाशी फोडायचा. आज सळ्यांवरून तोल सांभाळत पार टॉयलेटच्या कोपऱ्यात गेला.

"अहो देवरामकाका, तिकडे कुठे? पंप इकडे आहे!"

"असू दे की मॅडम. ह्या टोकाला सुरू करायचं नि पंपाच्या पाइपाचे तुकडे काढत मागं मागं यायचं. तो पाइप पुढं ओढत आणला की भोकांच्या साच्यांना हिसका बसतो."

विनिता सळ्यांवरून त्याच्यापाशी गेली. "हे तुमच्या टॉवरला कधी कळलं?"

"प्रसाद घ्या," देवराम म्हणाला आणि खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

भोकं जागच्या जागी राहिली.

शनिवारी साहेबांनी विचारलं, "या वेळी काय वेगळं केलंस?"

सर्वेश बिस्किटांचा पुडा उघडत होता. त्याचा हात थांबला.

"लांबच्या टोकाकडून सुरू केलं, सर. पंपाचा पाइप ओढावा लागला नाही."

"आणि हे सुचलं कसं?"

"नारळ तिकडे फुटला, सर."

सगळे हसले. सर्वेश सोडून.

जेवणाच्या सुट्टीत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"सोमवारी आमचा स्लॅब आहे. नारळ तू फोड."

"मी? काका बाईला नारळ फोडू देतील?"

"त्यांनीच सांगितलंय." तो जरा घुटमळला. "लवकर ये पण. आमच्या बाल्कन्यांचा उतार उलटा पडलाय, पाणी घरात येतंय. अजून कोणाला बोललो नाहीये."

विनिताने उघडलेला डबा परत बंद केला.

"सोमवारी कशाला? चल, आत्ताच दाखव."