तळपत्र्यावरची चिठ्ठी

ते साल दोन हजार सात. माईंना रेडिओच्या कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि घरातल्या जेवणाच्या टेबलावरचा हक्क नवरा-बायको दोघांनीही सोडला होता. ताट मांडीवर घेऊन जेवायचं. कारण टेबलावर कुणाचा ना कुणाचा जुना अँप्लिफायर पोट उघडून पडलेला असायचाच.

चाचणी विभागात तीस वर्षं काढलेला हात होता तो. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज द्यायची ती मधे एक बल्ब जोडून. बल्ब भगभगला तर आत अजून घोटाळा आहे. क्षणभर उजळून मंदावला, की माई म्हणत, "धुगधुगी आहे." शेवटी तळपत्र्याच्या आतून एक चिठ्ठी चिकटवायची: तारीख, काय काढलं, काय घातलं. उद्या हे दुसरं कुणी उघडेल, त्याला चाचपडायला लागू नये. चिठ्ठीशिवाय त्यांच्या हातून एकही यंत्र बाहेर गेलं नव्हतं.

धाकट्या दिराचं जुन्या ध्वनियंत्रांचं दुकान होतं. जिभेवर साखर पेरलेला माणूस. एक दिवस तो चंदेरी तोंडाचा, दोघांनी उचलावा असा अँप्लिफायर घेऊन आला.

"वहिनी, याचं बाळंतपण तुमच्याच हातून व्हायला पाहिजे."

"बाळंतपण कसलं, भाऊजी? मोतीबिंदू काढायचाय याचा."

त्यातले वीज साठवणारे दोन मोठे कपॅसिटर, चहाच्या पेल्याएवढे, पार वाळून गेले होते. नवे मिळत ते अंगठ्याएवढे. त्या जागी बसवले तर दात पडलेल्या तोंडासारखं दिसलं असतं. माईंनी जुन्या कपॅसिटरचे पत्र्याचे डबे, त्यांना आवळून धरणाऱ्या पट्टीखालून, गोल कापले, आतला चिकट काळा ऐवज खरवडून काढला, पोटात नवे कपॅसिटर बसवले आणि डबा टोपणासारखा परत चढवला. जोड पट्टीखाली झाकला गेला. दहा दिवस लागले. चिठ्ठीही चिकटवली.

पुढच्या रविवारी सकाळी दिराने दुकानात गिऱ्हाइकाला यंत्र ऐकवायला ठेवलं होतं. माईही नवऱ्याबरोबर गेल्या. आपल्या हातचं चांगल्या स्पीकरवर ऐकावं, एवढीच हौस. गिऱ्हाईक एक दंतवैद्य होते, आणि सोबत त्यांनी आणलेला एक जाणकार. जाणकार डोळे मिटून मान हलवत होता.

"वा! आवाजाला ही ऊब! नव्या मालात ही ऊब येत नाही. जुन्या कपॅसिटरचीच किमया."

"बघा की आत," दिराने झाकण उचललं. "कारखान्यातून आलंय तसं. आजवर कुणी स्क्रू ढिला केलेला नाही."

माईंच्या कानशिलांत वाफ भरली. दहा दिवस मान मोडून केलेलं काम, आणि कुणी स्क्रू ढिला केलेला नाही?

"भाऊजी, तळपत्रा काढा."

"वहिनी, आपण घरी बोलू."

"घरी कशाला? यंत्र इथं आहे."

त्यांनी स्वतःच प्लग उपसला. राग कितीही असला तरी कपॅसिटरमधला साठा आधी रिकामा केला, दोन्हींचा. मग यंत्र आडवं करून तळपत्रा काढला. चिठ्ठीच्या जागी डिंकाचा डाग. माईंनी पट्टी सैल करून एका डब्याचं टोपण उचललं.

"वाचा हो, डॉक्टर. साल काय छापलंय?"

दंतवैद्यांनी चष्मा सावरला. "दोन हजार सात."

"मीच बसवलेत, मागच्या आठवड्यात. ऊब त्यांचीच आहे."

जाणकाराला एकाएकी घड्याळ आठवलं. दिराचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "घरचं माणूस उठतं आणि भर दुकानात माझं नाक कापतं! शोभतं का हे?"

"माझी चिठ्ठी कुणी काढली ते सांगा आधी."

दिराने भावाकडे बघितलं. नवरा शर्टाच्या बटणाशी चाळा करत म्हणाला, "अगं, मीच काढली. तो म्हणाला, काढून दे. एक कागद तो काय!"

माईंना वाटलं होतं, परक्याशी बोलावं तसं दिराशी बोलावं लागेल. नवऱ्याशी तसं बोलायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

"अहो, मी मान मोडून काम करत होते तेव्हा तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता. कुणी हात लावला नाही म्हणे! मग तुमच्यासमोर बसली होती ती कोण?"

दंतवैद्य खाकरून म्हणाले, "मला अँप्लिफायर हवाय. पण त्या कागदासकट." माईंनी टोपण बसवलं, पट्टी आवळली आणि तिथल्या तिथे पाठकोऱ्या कागदावर सगळं पुन्हा लिहिलं. खाली, पहिल्यांदाच, पूर्ण सही केली.

दिराने पुढे दोन वर्षांत दुकान मोडलं आणि पाण्याचे फिल्टर विकायला घेतले. त्यात त्याचं बरं चाललं. वहिनीशी तो लग्नकार्यातसुद्धा बोलला नाही. जाणकार अजून एका मासिकात उबेवर लिहितो. दंतवैद्यांनी अँप्लिफायर दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ठेवला. वाट बघणारे तेवढंच दुखणं विसरतात. माईंनी नजर साथ देईपर्यंत, एक्याऐंशी वर्षांच्या होईतो, काम केलं. नवरा त्याआधी चार वर्षं गेला. दुकानातल्या त्या प्रसंगानंतर त्याने पुष्कळ सेवा केली होती, जड यंत्रं उचलली, चहा हातात आणून दिला. पण माफी कधी मागितली नाही. एक कागद तो काय, हेच शेवटपर्यंत धरून बसला. माईंनी त्याचं सगळं केलं, रडल्याही. पण त्या रविवारचा विषय निघाला, की आजही त्यांचा आवाज चढतो.